घासाच्या आधी

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि ताईची जुळली. पण डॉक्टर म्हणाले, तिचं वजन उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही. म्हणजे माझा जीव ताईच्या जिभेवर टांगलेला! मी लोकांना गाडी शिकवतो. ब्रेक म्हटलं की ब्रेक दाबायचा, मला एवढंच कळतं. ताईला म्हटलं, "खाणं कमी कर." तिने मान डोलावली. काटा ढिम्म हलला नाही.

मग रुग्णालयाने तिला समुपदेशक बाईंकडे धाडलं. सोबत मीही गेलो. वाटलं, पथ्याचा कागद देतील. बाईंनी ताईला विचारलं, "डब्यात हात जातो, त्याच्या आधी मनात काय येतं?"

"भूक लागते, दुसरं काय येणार?"

"पोटभर जेवून उठल्यावरसुद्धा?"

बाईंनी नियम घालून दिला. खायचं ते बसून, ताटलीत वाढून घेऊन. अवेळी हात गेलाच, तर आधी मनातलं मोठ्याने बोलायचं. मी कपाळावर हात मारला. इथे माझं रक्त यंत्रातून धुऊन काढतायत आणि ह्यांना मनातलं हवंय!

एका दुपारी डायलिसिस आटोपून मी थेट ताईच्या शिवणाच्या दुकानात गेलो. पुढे कोणी नव्हतं. मागच्या खोलीत ताई उभ्या उभ्याच बिस्किटं खात होती. गळ्यात टेप तशीच, डबा छातीशी घट्ट धरलेला. माझं डोकंच फिरलं.

"खा, खा! मी मरेपर्यंत तरी थांबायचंस!"

ताईने डबा खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"आता बोलते मोठ्याने. ऐकशील?"

"बोल."

"मनात येतं, वजन उतरलं की मला कापतील. मग हात जातो डब्यात. वजन आहे तोवर मी सुटले."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

"मग आधी नाही का सांगायचं, ताई?"

"कुणाला सांगू? रिपोर्ट जुळला आणि सगळ्यांनी मला धरूनच टाकलं. 'ताई आहे ना!' झालं. देतेस का, असं कुणी विचारलं? तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही.

पुढच्या वेळी ताईने हे सगळं बाईंना सांगितलं, माझ्या ओरडण्यासकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आणि तुम्ही ओरडता, त्याच्या आधी तुमच्या मनात काय येतं?"

"राग येतो."

"रागाच्या आधी?"

म्हटलं, आता मला कशाला मध्ये ओढता? पण ताई माझ्याकडेच बघत होती.

"विचारलं आणि ती नाही म्हणाली तर," मी म्हणालो. "तेच येतं."

मी ताईकडे वळलो.

"ताई, तुझी किडनी देशील का मला?"

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"भीती वाटते रे मला."

"मलाही वाटते. नको वाटलं तर नाही म्हण. मी रागावणार नाही."

"देईन," ती म्हणाली. "पण वजन माझ्या चालीने उतरेल. तू ओरडायचं नाहीस."

"नाही ओरडणार."

"ओरडशील, मला काय माहीत नाहीस तू? पण ओरडण्याआधी मनातलं बोलायचं."