मधला अँड

वहिनी नापास झाल्या आणि ते त्यांनी भाजी वाढता वाढता सांगितलं. आज दूध जरा पातळच आलं, असं सांगावं तशा सुरात.

"भावजी, गेली हो माझी तोंडी परीक्षा. भाजी घालू अजून थोडी?"

सरांचा घास तोंडातच फिरायला लागला. सर म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी त्यांच्याकडेच राहत होत्या. घराच्या पुढच्या खोलीत सर इंग्रजीची शिकवणी घेत आणि त्या शिकवणीत शेवटच्या बाकावर खुद्द वहिनीही बसत. उंबऱ्याच्या अलीकडे 'भावजी' आणि पलीकडे 'सर', हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता आणि एकदाही मोडला नव्हता.

"नीट सांगा तरी काय झालं," सरांची बायको म्हणाली.

"काय व्हायचंय? माझं डोकं दगड, दुसरं काय. भावजींनी जीव तोडून शिकवलं. लेखीत पास झाले ती त्यांची पुण्याई. तोंडीत मात्र तोंडच उघडेना."

"मग पुन्हा द्या की."

"नको गं. एकदा भावजींचं नाव घालवलं तेवढं पुरे. उद्यापासून मला खाली कपडे धुण्याच्या खोलीत पाठवतायत. बरंच झालं म्हणायचं, चादरींशी इंग्रजी बोलावं लागत नाही." वहिनी हसल्या. त्या हसण्यात कुणी सामील झालं नाही. सर तर पाणी पिण्याच्या निमित्ताने उठूनच गेले.

हे पाणी का प्यावं लागलं, ते सांगायला जरा मागे जायला हवं. वहिनी एका वृद्धाश्रमात मदतनीस होत्या. तिथली म्हातारी माणसं ठिकठिकाणची, प्रत्येकाची भाषा निराळी. मेट्रनबाईही परक्या मुलखातल्या. त्यामुळे सगळ्यांचा व्यवहार इंग्रजीत चाले. वहिनी ते इंग्रजी कानांनी शिकल्या होत्या. म्हाताऱ्यांना भरवता भरवता, उठवता बसवता त्यांना ते येत गेलं. मग नवा नियम निघाला: म्हाताऱ्यांजवळ काम करायचं असेल तर लेखी आणि तोंडी, दोन्ही परीक्षा पास व्हा, नाहीतर तळघरात कपडे धुवा. वहिनींनी हौसेने पाटी-पेन्सिल घेतली. घरात एवढा विद्वान दीर असताना दुसरीकडे कशाला जायचं?

विद्वान दिराने उभी हयात एका कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहिण्यात घालवली होती. त्यांना एका गोष्टीचा भारी तिटकारा. दोन क्रियापदांच्या मधे 'अँड' दिसला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. कम अँड सिट, गो अँड आस्क, ट्राय अँड ईट. "हे काय बोलणं झालं?" ते म्हणत. "शर्ट अर्धा बाहेर लोंबतोय आणि निघाले साहेबाच्या केबिनमध्ये! ट्राय टू ईट म्हणा. टू!"

एकदा एका धीट विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मग वेट अँड सी? त्याचंही वेट टू सी करायचं?"

"तो अपवाद," सर म्हणाले. सरांना उत्तर ठाऊक नसलं की तो अपवाद असतो, हे वर्गाला एव्हाना कळून चुकलं होतं.

कुणाच्या तोंडून तसला 'अँड' निसटला की सर पेनाचं टोपण टेबलावर आपटत. टक टक. लगेच अख्खा वर्ग एका सुरात 'टू!' म्हणे. म्हणून पोरं त्यांना पाठीमागे टकटक सर म्हणत. वहिनींचा तर सराव घरीही चाले, कारण परीक्षा होईपर्यंत जेवताना इंग्रजीच बोलायचं असा सरांचा हुकूम होता. तिथे टोपणाऐवजी चमचा आणि टेबलाऐवजी ताट. वहिनी 'कम अँड' एवढं म्हणतात न म्हणतात तोच टक टक. पुढे पुढे असं व्हायला लागलं की वहिनी वाक्य सुरू करत, मधेच थबकत आणि सरांच्या हाताकडे बघत. सरांना वाटे, वा, सुधारणा आहे.

परीक्षा तोंडावर आली असताना मेट्रनचा फोन आला. बाई मोजकंच बोलल्या. लेखी पेपरात तुमचं ते 'टू' उत्तम आहे, पण तोंडी परीक्षा वेगळी. तिथे म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारत त्याला चार घास खायला लावायचे असतात. तिथे रोजचं बोलणंच हवं, अँड असो नाहीतर काहीही असो. हल्ली तुमच्या वहिनी वॉर्डात अडखळायला लागल्या आहेत. त्यांना तेवढं मोकळं करा.

"हो, सांगतो ना," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सांगायला लागणार होतं एक वाक्य. वहिनी, तिथे तुमचं तुम्ही बोला. पण वहिनींना एकट्यांना सांगितलं तरी वर्गात ते कळणारच; म्हणजे भर वर्गात टोपण खाली ठेवायचं आणि इतके दिवस मी तुम्हाला अर्धंच शिकवलं, असं कबूल करायचं. पोरं गालातल्या गालात हसली असती. सरांनी आज सांगू, उद्या सांगू केलं. मग मनाशी म्हणाले, वहिनी काय, निभावून नेतील. आणि मूग गिळून बसले.

वहिनींनी निभावलं नाही. परीक्षेत काय झालं ते त्यांनी मग जेवणानंतर भांडी आवरताना सरांच्या बायकोला सांगितलं आणि सरांनी ते पलीकडच्या खोलीतून ऐकलं. समोर खुर्चीत बसवलं होतं नेमकं इंजिनियर आजोबांना. हे आजोबा जन्मभर बोटींच्या पोटात इंजिनं राखत आलेले, आता कुणाच्याही हातचं खात नसत. फक्त वहिनी शेजारी टेकल्या, 'ट्राय अँड ईट अ लिटल' म्हणाल्या की पाखराच्या पिल्लासारखं तोंड उघडत.

"मी म्हटलं, ट्राय," वहिनी सांगत होत्या, "आणि पुढे काही सुचेचना बाई. कानात नुसतं टक टक. अँड म्हणू की टू म्हणू? आजोबा माझ्याकडे बघतायत, परीक्षक बघतोय, चमचा तसाच हातात. सूप गार झालं. शेवटी आजोबांनीच मान फिरवली."

सर अंथरुणावर पडले, पण त्यांचा डोळा लागला नाही. आपण एका बाईचं चालतं बोलणं बंद पाडलं, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि ती बाई म्हणत होती की डोकं माझंच दगड. चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना जास्त बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते वृद्धाश्रमात गेले. कुणाला न कळता मेट्रनच्या हातापाया पडावं, फेरपरीक्षा ठरवून टाकावी आणि वहिनींना हळूच पुन्हा बोलतं करावं, असा त्यांचा बेत होता. म्हणजे पाप फिटेल आणि नाकही शाबूत राहील.

"फेरपरीक्षा आहे," मेट्रन म्हणाल्या, "पण त्या तयार नाहीत. दिराला पुन्हा मान खाली घालायला लावणार नाही म्हणतात." मग त्यांनी सरांकडे रोखून पाहिलं. "मी फोनवर सांगितलं होतं ते तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

सरांनी तोंड उघडलं. "सांगितलं होतं तर," ते म्हणाले.

शब्द बाहेर पडल्यावर त्यांना स्वतःचाच धसका बसला.

"असं होय," मेट्रन म्हणाल्या. "मग सांगूनही जमलं नाही तर इलाज नाही. मी आग्रह धरत होते, तो सोडते. त्यांना तळघरच ठीक आहे."

सर बाहेर आले. वॉर्डाचं दार उघडं होतं. खिडकीजवळ इंजिनियर आजोबा बसले होते आणि एक नवी मुलगी त्यांच्यापुढे वाटी धरून उभी होती. वाटी काठोकाठ भरलेली. आजोबांनी ओठ घट्ट मिटले होते आणि ते दाराकडे बघत होते. दारात सरांना पाहून त्यांची मान क्षणभर वर झाली आणि मग पुन्हा खाली गेली. ज्या माणसाची ते वाट बघत होते, तो हा नव्हता.

तळघरात यंत्रांचा असा गडगडाट होता की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. वहिनी एकट्याच एका लांबलचक चादरीशी झटत होत्या. सरांना पाहताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काही न विचारता चादरीची दोन टोकं सरांच्या हातात दिली.

"वहिनी, चूक माझी आहे," सर म्हणाले.

"काय?"

"चूक माझी आहे!"

"मोठ्यानं बोला, भावजी!"

आणि मग जे भर वर्गात सांगायचं त्यांना जिवावर आलं होतं, ते त्यांना घसा फोडून ओरडून सांगावं लागलं. मेट्रनचा फोन, आपली लाज, आपलं गप्प बसणं. इस्त्रीच्या टेबलाजवळच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मधेच एक यंत्र थांबलं आणि सरांचं शेवटचं वाक्य साऱ्या खोलीत घुमलं. "आणि आत्ता मेट्रनला मी खोटं सांगितलं की तुम्हाला सांगितलं होतं."

 वहिनींच्या हातातली चादर सैल झाली आणि पुन्हा ताणली गेली.

"पहिलं मी विसरले असते," त्या म्हणाल्या. "माणूस लाजतो. पण हे दुसरं?"

सरांना मान वर करवेना.

"आजोबा जेवले का?"

"नाही."

वहिनींचे डोळे भरून आले. सरांनी त्यांना भाऊ गेला तेव्हाच तेवढं रडताना पाहिलं होतं. वहिनींनी बाहीने तोंड पुसलं.

"वर जा आणि खरं काय ते मेट्रनला सांगा. आत्ताच्या आत्ता. मग मी बघते परीक्षेचं."

"कसं सांगू? त्यांना आपली भाषा येत नाही, आणि इंग्रजीत मी हे असलं कधी कुणाला..."

"साधं सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "गो..."

आणि त्या थबकल्या. सवयीने त्यांची नजर सरांच्या उजव्या हाताकडे गेली आणि तिथेच खिळून राहिली. एवढं सगळं कळल्यावरही त्या टकटकीची वाट बघत होत्या. त्या हातात चादरीचं टोक होतं, दुसरं काही नव्हतं.

सरांनी दोन्ही टोकं जपून त्यांच्या हातात परत दिली. "गो अँड टेल हर," त्यांनीच वाक्य पुरं केलं आणि ते जिना चढायला लागले.