भुईला टेकलेली पाठ

"ऊठ गो. जित्या मानसाने असं भुईवर निजू नये."

धोंडूबाई दारात उभी होती. उभी आपली म्हणायची. कंबरेतून ती अशी दुमडली होती की तोंड कायमचं जमिनीकडे, आणि माणसाशी बोलायला मान तिरपी करावी लागे. तिची सून बायजा ओटीवर, चटई न घालता, उताणी पडली होती. गुडघे उभे, टाचा रोवलेल्या. कंबर सावकाश वर उचलायची, जरा थांबायचं, खाली आणायची.

"नर्सबाईंनी सांगितलाय हा व्यायाम, आये."

"नर्सबाईच्यात मेल्यावर पेटीत घालतात. आपल्यात भुईवर निजवतात. ऊठ."

बायजा उठली.

जूचंद्रच्या मिठागरावर सासूने जन्मभर पाट्या वाहिल्या, सुनेने लग्न झाल्यापासून. मुकादम धर्मा सदऱ्याच्या खिशात दुखणं मारायच्या गोळ्या ठेवायचा आणि सकाळी चहाबरोबर, तंबाखूला चुना द्यावा तशा वाटायचा. पाठ धरली, घे. ताप आला, घे. ओली बाळंतीण कामावर आली, तिलाही तीच. बायका त्याला देवमाणूस म्हणायच्या. बैल बसला तर धनी चाबूक उचलण्याआधी त्याचा खूर बघतो. बाईची पाठ बघायची कुणाला गरज पडली नाही. गोळी होती ना.

बायजाने त्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, बहुतेक उपाशीपोटी. सत्त्याहत्तरच्या शिमग्यानंतर तिला काळी उलटी झाली. नवरा श्रीपत तिला माणिकपूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या ख्रिस्ती नर्सने, सालोमीने, गोळ्या बंद केल्या. या गोळ्यांनी पोट पोखरलंय, म्हणाली.

"गोळीने पाठ बरी नाही होत, बाये. तुला कळायचं बंद होतं, एवढंच."

बायजाला तेवढंच तर हवं होतं. सालोमीने तिला लादीवर उताणी निजवलं, कंबरेखाली स्वतःचा हात सरकवला आणि शिकवलं. कडक भुईच पाहिजे, रोज पाहिजे. काम सोड, असंही सांगणार होती बहुतेक. मग तिने बायजाचे मिठाने चिरलेले पाय पाहिले आणि ते तिथंच राहिलं.

मिठागरावर बायजाने गोळी नाकारली तेव्हा धर्मा हसला नाही.

"गोळी नको तर पाटी पन नको. तू पडशील नि बोंब माझ्या नावाने. शिमगा झाला, आता कामाचे दिवस. बदली बाई मिळते मला."

बायजाने पाटी उचलली. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं दुखणं सगळंच्या सगळं जागेवर होतं. दुपारी बाकीच्या भाकरीची फडकी सोडून बसल्या, ही बांधावर आडवी झाली. कंबर वर, कंबर खाली. श्रीपतला बोलवू काय गो, असं एकीने विचारलं आणि बांधभर बायका हसल्या. बायजा करत राहिली. घरी सासू करू देत नव्हती, म्हणून बांध.

दुखणं गेलं नाही. पण चैत्र सरता सरता ती संध्याकाळी सरळ चालत घरी यायला लागली. धर्माने बदली बाई आणली नाही. कौतुकही केलं नाही.

वैशाखात धोंडूबाई झोपेतच गेली. ओटी सारवली आणि रीतीप्रमाणे तिला भुईवर निजवायला घेतलं. डोकं टेकलं की पाय वर उठायचे. पाय दाबले की डोकं वर यायचं. श्रीपतने गुडघ्यांवर हात ठेवले. जोर लाव, मागून कोणीतरी म्हणालं.

"राहू दे," बायजा म्हणाली. "कुशीवर निजवा."

"मयताला कुशीवर कोन निजवतं?"

"मी निजवते."

तिने सासूला कुशीवर वळवलं. ज्या कुशीवर ती रोज निजायची, त्याच. तिरडीवरही तशीच बांधली. बायजाला रडू आलं नाही. आपल्याला रडू येत नाही, हे तिला दुसऱ्याच कुणाचं असावं तसं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवस वर आला तरी घर मुकं होतं. जिथं धोंडूबाईला ठेवलं होतं, तिथं पिठावर दिवा होता. बायजा त्याच्याशेजारी, सारवलेल्या भुईवर उताणी झाली. गुडघे उभे केले. टाचा रोवल्या.

श्रीपत आतून आला. तिच्याकडे बघत राहिला. मग वाकला आणि तिचा पाय लागू नये म्हणून दिवा जरासा भिंतीकडे सरकवला.