काकांच्या पुढ्यातलं स्टँड

व्हायोलिनवालीची मान एका सकाळी दात घासताना अडकली ती अडकलीच. कुणी हाक मारली की बाई अख्ख्या वळायच्या. नवऱ्याला हसू आवरेना, तरी त्यानं आपल्या बहिणीला फोन लावला. ती फिजिओथेरपिस्ट.

नणंदेनं मान चाचपली, खांदा दाबला. वहिनी कळवळली.

"आज वाजवायचं नाही. पण वहिनी, तू बसतेस कुठं ते मला दाखव."

नाटकगृहात रंगमंचासमोर वादकांची खोलगट जागा होती. स्वरलिपी ठेवायला दोघांत एक स्टँड. वहिनीच्या शेजारी सगळ्यांत जुने वादक बसत. त्यांना सगळे काकाच म्हणत. स्टँड थेट काकांच्या पुढ्यात. वहिनी खुर्चीवर बसली आणि सवयीनं मान वाकडी करून स्वरलिपीत डोकावली.

"हे मधे का नाही घेत?"

"हळू बोल! काकांना नीट दिसत नसेल गं. एवढ्या मोठ्या माणसाला सरका कसं म्हणू?"

नणंदेला भीडभाड ठाऊक नव्हती. काका येताच तिनं विचारलं, "काका, हे जरा इकडे घेऊ?"

"घे गं बाई, घे!" काकांचा चेहरा उजळला. "नाकाला टेकतंय मेलं. जवळचं दिसत नाही म्हणून मी मागे रेलून वाजवतो, कंबरेचा पार भुगा झालाय. पण हिला गज फिरवायला जागा लागत असेल, म्हणून गप्प बसलो."

"मला?" वहिनी ओरडली. "मी बोटही लावत नाही त्याला!"

"मग कोण ठेवतं इथं?"

मागून झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "मी. झाडायला बरं पडतं. कुणी कधी काही बोललंच नाही!"

काका इतके हसले की कंबर धरून खाली बसले. वहिनीला हसताना मान दुखत होती, तरी हसू थांबेना.

स्टँड मधे आलं, पण मान काही लगेच सुटली नाही. शेक, व्यायाम आणि मध्यंतरात खांदे फिरवणं, असं नणंदेनं दोघांनाही लावून दिलं. काकांनी पहिल्यांदा कुरकुर केली, मग मागच्या रांगेलाही शिकवायला घेतलं. एका मध्यंतरात संगीत संचालक खाली डोकावले, तर अख्खी रांग खांदे गरगर फिरवत होती. ते हातातली ताल द्यायची छडी बाजूला ठेवून म्हणाले, "माझाही उजवा खांदा फार ठणकतो हो. आधी पुढे फिरवायचा की मागे?"