बोट रोखणारे बाबा आणि मी

मी बेसिनवरचा आरसा बोलतोय. एकेकाळी कपाटाच्या दारात होतो, अख्खा माणूस दाखवायचो. कपाट मोडलं, मी फुटलो आणि उरलेला हातभर तुकडा या खिळ्यावर आला. आता वाट्याला येतात ते चेहरे, तेही साबणाच्या फेसातले.

घरात बाबा आणि त्यांची लेक, दोघंच. बाबा तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात देखरेखीला होते. तिथल्या खडखडाटात ओरडायचं आणि धागा तुटलेल्या मागाकडे बोट रोखायचं, हीच रीत. निवृत्त झाले ते कारखाना घरी घेऊनच. साधं मीठ मागायचं तरी बोट रोखून. मोठ्यांना वाटतं, आपली माया पोरांनी आपोआप ओळखावी. कशी ओळखावी? इतक्या जवळून बघूनही मला ती कधी दिसली नाही.

लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. "एकटी राहणार तू?" बाबांनी विचारलं. होती काळजीच, पण बोट तिच्या नाकासमोर, कपाळाला आठ्या, आवाज पार रस्त्यापर्यंत.

"इथेही एकटीच असते," ती म्हणाली आणि गेली. दीड वर्ष फिरकली नाही.

मग तिचा निरोप आला, रविवारी उरलेलं सामान न्यायला येते. म्हणजे पुन्हा यायला कारणच उरणार नव्हतं. बाबा रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहून तिच्याशी बोलायचा सराव करू लागले. मी त्यांना आठ्या दाखवायचो, बोट दाखवायचो. आवाज कसा दाखवणार? पण ओरडले की माझ्यावर थुंकीचे शिंतोडे उडायचे. ते पुसत, पुन्हा हळू बोलून बघत.

रविवारी ती हात धूत होती, बाबा मागे उभे. किती दिवसांनी दोन चेहरे एकदम दिसले मला.

"राहशील का..." म्हणता म्हणता बोट वर गेलंच. तिचे खांदे ताठरले. बाबांना ते बोट माझ्यात दिसलं. त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत ते घट्ट धरलं.

"राहशील का गं, दोन दिवस?"

ती माझ्यातून त्यांच्याकडे बघत राहिली. "चार राहते," म्हणाली. "आधी ते बोट सोडा, बाबा. दुखेल."

आता ती महिन्याला येते. बाबा बाहेरच्या खोलीत तिच्याशी इतकं हळू बोलतात, की मला काही ऐकू येत नाही. सरावाला कोणी येत नाही. काच स्वच्छ असते, दिवसभर समोरची भिंत दाखवत बसतो.

तुमच्याही बेसिनवर माझा कोणी भाऊबंद असेल. केस विंचरून झाले की लगेच वळू नका. घरच्या माणसाला जे सांगायचंय, ते आधी एकदा त्या आरशाला सांगून बघा. शिंतोडे उडाले तरी चालतील.