भाताचा पंप

दत्ताजी भात मोजायला बसले की पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत. मरक्काल नावाचं लाकडी माप भरायचं, वरचा ढीग तळहाताने सारखा करायचा, पोत्यात रिकामं करायचं आणि म्हणायचं, "लाभ." मग दोन, तीन, चार. त्यांचे वडील तसंच मोजत, आजोबाही तसंच. तंजावर सोडून हे घराणं मद्रासच्या पश्चिमेला, इरुंगाट्टुकोट्टैजवळ थोडी जमीन घेऊन राहिलं तेव्हा देव, चार भांडी आणि ही मोजायची रीत एवढंच सोबत आलं होतं.

धाकटा भाऊ मालोजी लहानपणी एकदा अण्णांबरोबर, म्हणजे दत्ताजींबरोबर, बाजाराला गेला होता. वाणी नाचणी मोजायला लागला, तसा हा मोठ्या उत्साहाने ओरडला, "लाभ!" वाणी हसला. बाहेर आल्यावर दत्ताजींनी त्याला जवळ घेऊन समजावलं, की लाभ म्हणायचं ते आपल्या शेतात पिकलेल्याला. विकतच्या धान्याला आपलं साधं एक.

वडील गेले तेव्हा दोघांपैकी एकालाच शिकता येणार होतं. ते कोणी, हे ठरवायला दत्ताजींनी फार वेळ घेतला नाही. मालोजी मद्रासला शिकला आणि नुंगंबाक्कममधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला. ही कंपनी सिमेंटच्या नि साखरेच्या कारखान्यांसाठी यंत्रं बनवायची. पाइपात बसवलेलं लांबलचक लोखंडी मळसूत्र फिरायला लागलं, की पीठ असो वा दाणे, पुढे पुढे ढकलले जातात. अशा यंत्रांचे नकाशे काढण्यात मालोजीचं आयुष्य गेलं. पण त्याने काढलेलं एकही मळसूत्र त्याने फिरताना पाहिलं नव्हतं. नकाशा कारखान्यात जायचा आणि यंत्र तिथून परस्पर गुजरातला किंवा ओरिसाला. आपलं काम खरंच कुठे चालत असेल का, अशी शंका त्याला अधूनमधून येई. मग तो पेन्सिलीला टोक काढायला घेई.

एग्मोर स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको हेमावती राहत. तांदूळ त्यांनी कधी विकत आणला नाही. दर हंगामाला दत्ताजी पोती पाठवत. हेमावती रोज टंबलरने तांदूळ मोजताना पहिल्या टंबलरला लाभ म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा सासूने शिकवलेली पहिली गोष्ट तीच होती.

दत्ताजी विधुर होते आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. घराशेजारच्या खळ्यावर पत्र्याची एक उंच कोठी होती. तिचं तोंड वर, दोन पुरुष उंचीवर. पोतं खांद्यावर घ्यायचं, शिडीने वर चढायचं आणि कोठीत ओतायचं. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. शिडीला माझी सवय आहे, म्हणत. आदल्या वर्षी त्याच शिडीवरून ते पोत्यासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, की आता ओझं उचलायचं नाही.

पोंगलला मालोजी गावी गेला, तेव्हा अण्णा अर्धं पोतं खांद्यावर घेऊन शिडी चढत होते. दर पायरीवर थांबत होते आणि थांबले की कपाळ वरच्या पायरीला टेकवत होते. मालोजी खाली उभा राहून पाहत होता. "मी घेतो" असं म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याने कधी पोतं उचललेलंच नव्हतं. परत आल्यावर त्याने टेबल पुसलं, कागद ताणून लावला आणि ऑगर, म्हणजे तसंच एक मळसूत्राचं यंत्र, काढायला बसला. कोठीच्या पायाशी भात ओतायचं, मोटर सुरू करायची, तिरक्या पाइपातलं मळसूत्र फिरेल आणि भात आपणहून वर चढून कोठीत पडेल. अण्णांनी नुसतं बसून पाहायचं. नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. एवढी एक गोष्ट आपल्या हातून व्हावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

नकाशा घेऊन तो मासी महिन्यात, फेब्रुवारी सरता सरता, गावी गेला. दत्ताजींनी कागद मांडीवर पसरून बराच वेळ पाहिला. यातलं त्यांना काय कळतंय, मालोजीला समजेना.

"केव्हा होईल?" त्यांनी विचारलं.

"चित्तिरैच्या कापणीपर्यंत. दोन महिन्यांत."

"मग कर," दत्ताजी म्हणाले. "वेळ नको लावूस."

अण्णांनी एवढी घाई कधी केली नव्हती. त्यांना यंत्र आवडलं, या आनंदात मालोजी परतीच्या बसमध्ये चढला आणि छत्री अण्णांकडेच विसरला.

मग त्याचे शनिवार-रविवार पुदुपेट्टैच्या जुन्या लोखंडाच्या गल्ल्यांत जायला लागले. तिथे जुनी मोटर मिळाली, बेअरिंगं मिळाली, पाइप मिळाला. एका वेल्डरने पत्र्याच्या चकत्या कापून, ताणून, दांड्यावर पातीला पाती जोडून मळसूत्र करून दिलं. मालोजीला रात्रंदिवस धास्ती. चढ फार उभा तर झाला नाही? वेग जास्त झाला तर दाणा फुटेल. त्याने मोठी पुली लावून वेग कमी केला. मग आता फारच कमी झाला की काय, म्हणून पुन्हा काळजी. हेमावती म्हणाली, "इतकी वर्षं कारखान्यांची यंत्रं काढलीत, आणि घरातला फ्यूज गेला तर वरच्या मजल्यावरच्या राणोजींना हाक मारावी लागते. भात वर चढलं नाही तर त्यांनाच न्या बरोबर." पण बसच्या टपावर पाइप चढवताना दुसऱ्या टोकाला हात तिचाच होता.

गावात यंत्राला लगेच नाव पडलं, नेल्लु पंपु. म्हणजे भाताचा पंप. लोक जमायचे, पाइपात डोकावायचे. एक गोष्ट मात्र मालोजीला लागली. तो चहाच्या टपरीवर गेला की चाललेलं बोलणं थांबायचं. शहरातल्या माणसाचं हसू येत असेल, असं त्याला वाटलं. हसण्यासारखंच होतं म्हणा, असंही वाटलं.

मोटर कशावर बसवायची यावरून दोघा भावांत थोडी ओढाताण झाली. दत्ताजींचं म्हणणं, दोन लाकडी ओंडक्यांवर बांधून टाक. मालोजी म्हणाला, असं कसं, काँक्रीटचा पाया हवा, त्यात बोल्ट पुरायला हवेत, यंत्र वीस वर्षं हलता कामा नये. दत्ताजींनी खळ्याकडे एकदा पाहिलं. मग काठी टेकत गेले आणि वाळू सांगून आले. पाया ओतला त्या दिवशी ते त्यावर दिवसभर ओलं गोणपाट टाकत बसले होते.

"काय पाहूलालास, मालू?" त्यांनी आपल्या जुन्या तंजावरी बोलीत विचारलं.

मालोजी पाहत होता ते पेंढ्याचे ढीग. खळ्याच्या कडेला एक, विहिरीजवळ एक, बांधाच्या कोपऱ्यांवर एकेक. गुराढोरांनी विस्कटावेत अशा भलत्या जागी ते होते. त्याने विचारलं, तर दत्ताजी म्हणाले, वाळत घातलाय.

विजेची जोडणी तेवढी राहिली होती. वीज विहिरीवरच्या पाण्याच्या पंपापर्यंतच होती आणि खळं तिथून लांब. नवा खांब लागणार होता. कापणी होऊन भात खळ्यावर आलं, त्या आठवड्यात वीज खात्याचा वायरमन सुब्बा सायकलवरून आला. त्याने यंत्राभोवती फेरी मारली, पट्टा ओढून पाहिला, मनापासून वाखाणलं. मग म्हणाला, खांब मिळणार नाही.

मालोजीने नियम काढले. त्याने अर्जाची सगळी माहिती वाचलेली होती. सुब्बाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, की या जमिनींवर नवा खांब घालायचा नाही असा वरून हुकूम आहे. आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्याला, जुन्या तारासुद्धा उतरवायच्या आहेत. मालोजीला काही उमजत नाही असं पाहून तो गोंधळला. त्याने दत्ताजींकडे पाहिलं. दत्ताजी खाली पाहत होते. सुब्बाने खळ्याच्या कडेचा पेंढा पायाने बाजूला केला. खाली पांढरा रंगवलेला दगड होता आणि त्यावर लाल आकडा.

"पेरियवर," सुब्बा वडीलधाऱ्याच्या मानाने हळूच म्हणाला, "तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

जमीन गेली होती. सरकारला तिथे कारखान्यांची वसाहत करायची होती. मोजणीवाले पोंगलनंतर आठच दिवसांत येऊन दगड रोवून गेले होते. मालोजी नकाशा घेऊन आला तेव्हा दत्ताजींना ते ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि दत्ताजींनी एकेकाच्या घरी जाऊन, माझ्या भावाला बोलू नका, म्हणून सांगितलं होतं.

मालोजी काँक्रीटच्या पायावर बसला. त्याच्या हातात पाना होता.

"अण्णा, वाळूसुद्धा तुम्हीच आणून दिलीत," तो म्हणाला. "मला थांबवलं का नाहीत?"

दत्ताजींनी पेंढा पुन्हा दगडावर सारायला घेतला होता. आता त्याची गरज नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी काठी थांबवली.

"तू जन्मभर कागदावर काढलंस," ते म्हणाले. "एकदा फिरताना बघशील, म्हटलं. कापणी तर एकच राहिली होती."

सुब्बा सायकलवर बसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो केबलचं भलंमोठं वेटोळं कॅरिअरला बांधून. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीतून केबल ओढा, म्हणाला, आणि मी आज या वाटेला आलोच नव्हतो. दत्ताजींनी गड्याकडून बेचक्याच्या फांद्या तोडून रोवून घेतल्या आणि शेतभर त्यांवरून केबल उचलून खळ्यावर आणली.

दुपारी थ्री-फेज वीज आली. मालोजीने हिरवं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पट्टा फिरू लागला, आणि ओतलेलं भात वर जायच्या ऐवजी फसफसून खाली उलटलं, दत्ताजींच्या पावलांवर. मळसूत्र उलटं फिरत होतं. जमलेली माणसं खो खो हसली. दत्ताजीही हसले. मालोजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने वीज बंद केली, दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा बटण दाबलं.

पाइपात खडखड झाली. पत्र्यावर वाळू टाकावी तसा आवाज वर वर चढत गेला. मग वरच्या तोंडातून पिवळी धार सुटली आणि कोठीत पडली. मालोजी धावत शिडी चढला, धारेखाली ओंजळ धरली, दाणे निरखले. एकही फुटला नव्हता. त्याने ओंजळ उंच करून खाली अण्णांना दाखवली.

दत्ताजी ओंडक्यावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर रिकामे. शेजारी मरक्काल पालथं पडलेलं. त्यांचे ओठ हलले. मोटरच्या आवाजात ऐकू काही आलं नाही, पण ते काय म्हणाले हे मालोजीला ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत कोठी भरली. माणसं पांगल्यावर दत्ताजींनी काठी बाजूला ठेवली आणि मालोजी नको नको म्हणत असताना शिडी चढले. वर जाऊन आत पाहिलं. सावकाश उतरले.

"रिकाम्या खांद्याने तोल राहत नाही रे," ते म्हणाले.

आडीत मोठी यंत्रं आली. त्याआधी भात गिरणीत गेलं. थोडं भरडून घरी ठेवलं. ऑगर आणि मोटर गिरणीवाल्याने नेली. नट सुटले, पण काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट काही केल्या निघाले नाहीत. मालोजीने ते इतके पक्के बसवले होते. दत्ताजी एग्मोरला राहायला आले. गॅलरीत बसत, गाड्या पाहत, कशाला नाही म्हणत नसत. सकाळी हेमावती त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने लाभ म्हणायची. मग ते मान हलवत.

मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या थंडीत, शेतातला तांदूळ संपला. मालोजी दुकानातून त्याच जातीचा तांदूळ शोधून घेऊन आला. अण्णा देवळात गेलेले पाहून त्याने तो शेतातल्या जुन्या पोत्यात ओतला, पोत्याचं तोंड पूर्वीसारखंच सुतळीने बांधलं आणि दुकानाची पिशवी शेजाऱ्यांच्या केरात टाकून आला. हेमावतीला म्हणाला, काही बोलू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुतळी सोडली. दत्ताजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते. मालोजी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून होता. हेमावतीने टंबलर भरला, ताटात ओतला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "लाभ."

दत्ताजींनी ताटातले चार दाणे बोटांनी उचलले, तळहातावर फिरवले आणि परत ठेवले.

"एक म्हण, हेमावती," ते म्हणाले.

वर्तमानपत्र जरासं हललं. मग मालोजीला ऐकू आलं, हेमावती ताटातला तांदूळ पुन्हा पोत्यात ओतून पहिल्यापासून मोजत होती.

"एक," ती म्हणाली.