वरची ओळ, खालची ओळ

मी बुटकी आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. तिरसटही आहे म्हणतात, पण ते माझ्या नवऱ्याला विचारा.

पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला एक उंच लोखंडी पाटी आहे. अगदी वर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘येथे बस नदीत कोसळली. सर्व प्रवासी वाचले.’ मध्ये पाटीचं उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं, कोण कोण हजर होतं, ती नेहमीची जत्रा. आणि तळाशी बारीक अक्षरांत, ‘काठावरील लाँड्रीतील ज्या स्त्रिया मदतीसाठी पाण्यात उतरल्या, त्यांची नावे उपलब्ध नाहीत.’

त्या बसमध्ये मी होते, आईच्या मांडीवर. बसमधलं तान्हं पोर मी एकटीच. आई सांगायची, "खिडकीतून तुला बाहेर दिलं. एका उंच बाईने घेतलं आणि डोक्यावर धरून काठाकडे नेलं. मला तिची पाठ तेवढी दिसली." आई दवाखान्यातून घरी येऊन चौकशीला लागली, तोवर लाँड्री बंद पडली होती आणि तिथल्या बायका पोटामागे पांगल्या होत्या. अखेरच्या आजारपणातही आईचं तेच पालुपद, "तिच्याशी दोन शब्द बोलायचे राहिले गं. तुला भेटली तर तू बोल."

भेटणार कशी? नाव नाही, गाव नाही. म्हणून मी पाटी पुसायला लागले. रविवारी माझं शिवणाचं दुकान बंद असतं, तेव्हा दुपारी बादली आणि फडकं घेऊन जाते. खालच्या ओळीवर लोक शिकवणीच्या जाहिराती चिकटवतात, त्या नखांनी खरवडते. कुत्र्यांच्या करामतींबद्दल तर बोलायलाच नको. वर माझा हात पोचत नाही, पण वरची ओळ कायम चकचकीत. त्याबद्दल मी नगरपालिकेला तोंडभरून दुवा द्यायची. नवरा म्हणायचा, "नगरपालिकेचं कौतुक करणारी एकुलती एक बाई माझ्या घरात आहे. जपायला हवी."

मागच्या रविवारी घरात पाहुणे आले, जाणं राहिलं. म्हणून सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच निघाले. बघते तर पाटीपाशी एक म्हातारी, एका हाताने काठी टेकून, ओल्या रुमालाने वरची ओळ पुसतेय. माझं डोकंच फिरलं. ही पाटी मी आपली समजत होते ना!

"आजी, ते काम नगरपालिका करते. तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता?"

तिने माझ्या बादलीकडे पाहिलं. "मग तू काय, नदीला पाणी घालायला निघालीस?"

"मी खालचं पुसते."

"खालचं नगरपालिका पुसते," ती ठामपणे म्हणाली. "माझे गुडघे वाकत नाहीत ना, म्हणून मनातल्या मनात त्यांचे आभार मानते मी."

आम्ही दोघींनी पाटीकडे पाहिलं. वर लख्ख, खाली लख्ख, आणि मधल्या उद्घाटनवाल्यांवर बोटभर धूळ. आधी ती हसली, मग मी.

"पण वरचंच का पुसता?" मी विचारलं.

"सकाळची वाचायला येते गं. ‘सर्व प्रवासी वाचले.’ वाचलं की दोन दिवस बरे जातात. मग पुन्हा मनात येतं, पाटीवर काय, काहीही लिहितात." तिने रुमाल पिळला. "मी त्या लाँड्रीत होते. सगळ्या मला लांबडी म्हणून चिडवायच्या. त्या दिवशी तेवढी लांबी कामाला आली. खिडकीतून एक पोर माझ्या हातात आलं. काठावर कुणाच्या तरी हवाली केलं आणि परत पाण्यात शिरले. पण पोर रडत नव्हतं. काळंनिळं पडलं होतं. काठावर ते रडतंय का, म्हणून मी पाण्यातून कान लावून होते. ते काही ऐकू आलं नाही. पुढे मुलीकडे गेले, परत आले, पण कान अजून तिथेच आहेत बघ."

माझ्या हातातली बादली कधी खाली टेकली, कळलं नाही. एवढी वर्षं आईचे दोन शब्द घोकून ठेवले होते, आणि ऐन वेळी त्यातला एकही सापडेना.

"आजी," मी म्हटलं, "ते पोर मी."

तिने काठी पाटीला टेकवली. दोन्ही हातांत माझं तोंड धरून वर केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"आईला तुम्हाला सांगायचं होतं..." एवढंच जमलं. पुढे मला हुंदका फुटला, आणि भर रस्त्यात, येणारेजाणारे थांबून बघताहेत तरी मी मोठमोठ्याने रडायला लागले.

म्हातारीने डोळे मिटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"रड," ती म्हणाली. "जोरात रड. ऐकू दे मला."