डाव्या हातातलं लोखंड

माझ्या जिभेला हाड नाही, असं दादा लहानपणापासून म्हणतो. खरंच आहे ते. पण ज्या दिवशी बोलायला हवं होतं, नेमकी त्याच दिवशी माझी दातखीळ बसली. हे दादाला अजून माहीत नाही.

माझा नवरा दारूने गेला. सगळ्या चंदननगरला ते ठाऊक होतं. तरी श्राद्धाच्या दिवशी सासूने चारचौघींत जाहीर केलं, "हिने मासे साफ करताना नोआ काढून ठेवली होती. माझ्या लेकाला खाल्लं हिने!" नोआ म्हणजे लग्नात सासूनेच सुनेच्या डाव्या हातात चढवलेली लोखंडी बांगडी, वरून सोन्याचा पत्रा. नवरा आहे तोवर ती उतरवायची नाही. मी उतरवली नव्हती. तो रक्त ओकत गेला तेव्हाही ती माझ्या हातात होती.

आधी मी खूप भांडले. मग माहेरी परतले आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. बेवड्याच्या विधवेला कुत्रं विचारत नाही. पण नोआ काढून नवरा घालवला, अशा बाईभोवती दुपारी पाच-सहा जणी हमखास जमतात. मग मीही तेच सांगू लागले. रुई मासा होता, नोआ विळीशेजारी ठेवली होती, सहाव्या दिवशी तो गेला. दर खेपेला मीठमसाला वाढायचा. माझी बौदी, म्हणजे दादाची बायको चैताली, हे सगळं तोंडाचा आ करून ऐकायची.

बौदीची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. मग मावशी, मग पाठची बहीण, एकोणचाळिसाव्या वर्षी. बौदीचं रक्त तपासलं तर घराण्यात चालत आलेला तो दोष तिच्यातही निघाला. कोलकात्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. दर वर्षी एमआरआय करायचा. हाताला लागायच्या आत गाठ त्यात दिसते. तेव्हाच धरली तर माणूस वाचतं." दादा त्याच वर्षी छातीत कळ येऊन मरता मरता वाचला होता, म्हणून सोबत मी गेले.

कपडे बदलायच्या खोलीत नंदिता नावाची मशीनवरची बाई होती, पन्नाशीची, हसरी. "आत मोठं चुंबक आहे, बौदी. शंखाच्या बांगड्या राहू द्या, पण कानातलं आणि नोआ काढा." बौदीचा चेहरा उतरलेला पाहून तिने खण उघडला आणि लाल दोऱ्याचं रीळ काढलं. "तेवढा वेळ दोरा बांधते मनगटाला. सगळ्याजणी बांधतात. माझी आईसुद्धा दोरा बांधूनच आत गेली."

बौदीने साबण लावून नोआ अंगठ्यापर्यंत आणली आणि थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बुलू, काढू का गं?"

एवढंच म्हणायचं होतं की काढ, माझी गोष्ट खोटी आहे. पण परकी बाई समोर उभी, आणि ती गोष्ट सोडली तर माझ्यापाशी होतं काय? मी म्हणाले, "मी काय सांगणार बाई! माझं तर तुला माहीतच आहे."

बौदीने नोआ परत मागे सरकवली. नंदिता समजावत राहिली, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाली. आम्ही निघालो.

येताना बौदीने दादासाठी संदेश मिठाई घेतली. "काय निघालं?" त्याने विचारलं. "सगळं स्वच्छ आहे," बौदी म्हणाली आणि पुढची बशी माझ्याकडे सरकवली. मीही मान हलवली. बायकांच्या दुखण्याचे कागद आमच्याकडे पुरुष मागत नाहीत. जगद्धात्रीची पूजा झाली की बौदीला खरं सांगू, असं मी ठरवलं. पूजा झाली. मग थंडी गेली.

चौदा महिन्यांनी अंघोळ करताना गाठ तिच्या हाताला लागली. तोवर आजार हाडात उतरला होता.

परत तीच खोली, तीच नंदिता. तिने मागचं काही काढलं नाही. बौदीचा हात इतका वाळला होता, की घसरू नये म्हणून नोआला चिंधी गुंडाळलेली. गाऊन घालताना तिने हात खाली केला, आणि नोआ आपोआप निसटून फरशीवर पडली. बौदी केवढ्याने किंचाळली! मी नोआ उचलली आणि बोलून गेले.

"बौदी, मी नव्हती काढली. तो गेला तेव्हा ती हातातच होती. मासा, विळी, सगळं खोटं आहे."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं शिव्या देईल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी सांगितलं असतंस तर..." ती म्हणाली. मग नोआकडे बोट केलं. "घाल हातात. मी बाहेर येईपर्यंत काढायची नाही."

"अगं, आत्ताच सांगितलं ना, त्यात काही..."

"ऐकलं मी. घाल. आणि तुझ्या दादाला यातलं काही कळता कामा नये. त्याच्या हृदयाला सोसणार नाही. माझी शपथ आहे."

बारा वर्षांनी माझ्या हातात नोआ चढली. आत मशीन ठोकत होतं, बाहेर मी डावा हात उजव्या हाताने धरून बसले होते. इतकं रडू आलं की नंदिताने पाणी आणून दिलं.

बौदी फाल्गुनात गेली. बायकांनी तिच्या पायांना लाल आलता लावला, तिच्या भांगातला शेंदूर आपल्या भांगाला लावून घेतला. शेजारची लखीपिशी म्हणाली, "भाग्याची गं! नवऱ्यावरचं स्वतःवर घेतलं. शेवटपर्यंत नोआ सोडली नाही. नाहीतर ही आमची बुलू!"

"माझ्या हातात होती!" मी ओरडले. "तो मेला तेव्हा होती माझ्या हातात!" दोघींनी मला धरलं. "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं," एकजण म्हणाली.

दादा ठणठणीत आहे. डॉक्टरने परवाच सांगितलं, काळजी नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसतो आणि चार-आठ दिवसांनी तेच विचारतो, "बुलू, त्या वर्षी सगळं स्वच्छ होतं ना? मग एवढ्यात असं कसं झालं गं? तू तर होतीस सोबत."

मी म्हणते, "चहा गार होतोय, दादा."